शिंगाचा पोचा

वारशाचे जतन ही आपली सामूहिक जबाबदारी आहे, असे उमरग्याच्या एका सभागृहात मी सव्वा तास सिद्ध करीत होतो आणि त्याच सव्वा तासात सभागृहाच्या भिंतीला लागून उभ्या केलेल्या माझ्या मोटारसायकलीचे तीन भाग कोणीतरी काढून नेले. खांद्यावर शाल, हातात नारळ अशा अवस्थेत मी बाहेर आलो तेव्हा राजदूत स्टँडवर किंचित कललेली होती. डावा आरसा नव्हता. हॉर्नच्या जागी दोन वायरी लोंबत होत्या. मागच्या मडगार्डवर कोणीतरी पाय रोवून जोर लावल्याचा पोचा होता. आणि टूलबॉक्सचे डावे झाकण नव्हते. त्याच्या जागी एक काळी पोकळी आणि तिच्यात घडी घातलेले पिवळे फडके. व्याख्यानाचे संयोजक मला सोडायला आले होते, ते म्हणाले, ''नशीब म्हणा सर, गाडी तर हाय.'' मी त्यांचे आभार मानले. माझा राग पेटत नाही, गोठतो. आणि गोठल्यावर तो फार सभ्य दिसतो. संयोजकांना वाटले असेल, सरांना विशेष काही वाटले नाही. मी चाळीस वर्षे शिलालेख आणि ताम्रपट वाचण्यात घालवली आहेत. एका ज्येष्ठ संशोधकाने आयुष्याची मिळकत म्हणून छापलेला ताम्रपट बनावट आहे, हे मी एका अक्षराच्या वळणावरून दाखवून दिले होते. त्यानंतर ते गृहस्थ कुठल्याही परिषदेला दिसले नाहीत, आणि मला त्याचे वाईट वाटले असे मी आजही म्हणणार नाही. खोटे ते खोटे. त्या दुपारी मात्र मी झाकणाच्या पोकळीत हात घातला आणि अंगठा काहीतरी शोधत राहिला. तिथे पत्राच नव्हता, तरी शोधत राहिला.

त्या झाकणावर बैलाच्या शिंगाने पडलेला पोचा होता. आमचे वडील, शंभुलिंग आप्पा, अणदूरच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. डॉक्टर क्वचित येत, त्यामुळे पंचक्रोशीतल्या गुरांच्या दृष्टीने आप्पाच डॉक्टर होते, आणि त्यांची फटफटी, म्हणजे हीच राजदूत, रोगाची वर्दी होती. वेशीबाहेर तिचा आवाज आला की गोठ्यातली जनावरे दाव्याला हिसके देत मागे सरायची. मनुष्यप्राणी मात्र पुढे यायचा, चहा ठेवायचा आणि आपल्याच गुडघ्याचे औषध विचारायचा. मी नऊ वर्षांचा असताना आप्पा मला मागे बसवून माकणीला घेऊन गेले होते. घटसर्पाची लस होती. फिनेलचा वास, तापलेल्या सीटवर पोळणाऱ्या मांड्या, आणि आप्पांच्या सदऱ्याची पाठ, जिच्यावर घामाचा एक नकाशा उमटत जाई व सुकताना त्याच्या सीमेवर मिठाची पांढरी रेघ राहत असे; पुढे मी पाहिलेल्या कुठल्याही राज्याच्या सीमा मला इतक्या स्पष्ट कळल्या नाहीत. एका पांढऱ्या खिलार बैलाने सुई लागताच मान अशी फेकली की त्याचे उजवे शिंग थेट फटफटीवर आले. मी वरच बसलो होतो. शिंग माझ्या गुडघ्याखाली चार बोटांवर झाकणात घुसले, वळले आणि निघाले. आप्पांनी सुई पुसली, माझा गुडघा दाबून पाहिला, मग पत्र्यातला तो खळगा पाहिला आणि म्हणाले, ''शिवा, ह्यो तुझ्यात पडायचा व्हता.'' तेव्हापासून त्या पोच्यात माझा अंगठा जातो. हैदराबादहून, पुण्याहून, पुढे पदव्या आणि मानपत्रे घेऊन जिथून जिथून मी घरी आलो, तिथून येऊन आधी फटफटीशेजारी वाकत असे आणि अंगठा त्या खळग्यात ठेवत असे. आप्पा पायरीवर बसून पाहत. अंगठा बरोबर बसे. लहानपणी सैल बसे, मोठेपणी घट्ट.

पोलीस ठाण्यात जाण्याचा मूर्खपणा मी केला. अर्जाच्या कागदावर जिल्ह्याचे जुने नाव छापलेले होते आणि त्यावर नव्या नावाचा शिक्का मारलेला होता. दोन्ही वाचता येत होती. हवालदार सज्जन होता. ''झाकणाची काही ओळख सर? नंबर-बिंबर?'' मी म्हणालो, ''बैलाच्या शिंगाचा पोचा.'' त्याने लेखणी थांबवली. ''बैल कुणाचा?'' ''तो पन्नास वर्षांपूर्वी वारला असावा.'' त्याने माझ्याकडे पाहिले, शालीकडे पाहिले आणि 'किरकोळ साहित्य' असे लिहिले. माझी हरकत नव्हती. तपास मला नकोच होता. मला ते झाकण एकवीस दिवसांत हवे होते, आणि एकवीस दिवसांत या देशात फक्त पौष संपतो.

अणदूरचा खंडोबा वर्षभर अणदुरात राहत नाही. मार्गशीर्षात तो नळदुर्गाला जातो आणि पौषात परत येतो. देव एक, देवळे दोन. आणि मूर्ती हलवताना दोन्ही गावांच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. गुडघ्यांनी किक मारायचे नाकारले त्या वर्षी आप्पांनी मला आणि माझ्या थोरल्या भावाला, सोमलिंग अण्णांना, पायरीवर बोलावले आणि म्हणाले, ''देव वाटून घेता येतो, मंग फटफटी का न्हाय?'' त्यांनी एका वहीत फटफटीच्या सत्तावीस वस्तूंची यादी केली. बारा महिन्यांतले दहा ती अणदूरला अण्णांकडे राहील. देव नळदुर्गाला निघाला की उमरग्याला माझ्याकडे येईल, देव परतला की परत जाईल. देण्याघेण्याची रीतही त्यांनीच घालून दिली. घेणाऱ्याने यादी वाचायची, देणाऱ्याने 'आहे' म्हणायचे, घेणाऱ्याने त्या वस्तूला हात लावायचा आणि खूण करायची. यादीखाली एक ओळ होती: ज्याच्या हाती असता वस्तू उणी होईल, त्याची पाळी संपली. आप्पा गेले. जमीन वाटली गेली, भांडी वाटली गेली, पाहुणेसुद्धा वाटले गेले. वर्षातले हे दोन दिवस उरले, ज्या दिवशी आम्ही दोघे भाऊ एका उंबऱ्यावर समोरासमोर बसतो. पाळी संपली की अणदूरला जाण्याचे कारण संपते, आणि कारणाशिवाय कुठे जाणे मला आयुष्यात जमलेले नाही.

तीन वर्षांपूर्वी अण्णा गाडी घेऊन आले तेव्हा उजव्या पायरीचे, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीचे, रबर नव्हते. वाटेत कुठेतरी गळून पडले असावे. अण्णांनी 'आहे' म्हटले आणि खाली पाहिले, आणि त्यांचा चेहरा परीक्षेत कॉपी सापडलेल्या माणसासारखा झाला. मी हसून सोडून देऊ शकलो असतो. मी वही ओढली आणि समासात स्वच्छ अक्षरात लिहिले: 'उणे : उजव्या पायरीचे रबर. तथापि पाळी चालू ठेवण्यास माझी हरकत नाही.' मला ते वाक्य फार उदार वाटले होते. अण्णांनी ते दोनदा वाचले, सही केली, पाणीही न पिता एसटी पकडली. तेव्हापासून आम्ही वहीतल्या सत्तावीस शब्दांपलीकडे बोललेलो नाही. आणि रबर त्यांनी पुन्हा बसवलेच नाही. कुठल्याही दुकानात मिळणारी वस्तू! पहिल्या वर्षी मला वाटले आळस आहे, दुसऱ्या वर्षी वाटले हट्ट आहे. उघड्या लोखंडावर माझा बूट दोन महिने घसरत राही, आणि दर खेपेला तो घसरला की माझेच वाक्य माझ्या तळपायाला टोचे. आता माझ्याकडे तीन वस्तू उण्या होत्या. अण्णा काय करतील, याचा विचार मी करीत होतो, आणि सगळ्यांत भयंकर शक्यता ही होती की तेही समासात लिहितील: हरकत नाही. क्षमा म्हणजे काय असते ते मला ठाऊक होते. मी ती देऊन पाहिली होती.

आरसा आणि हॉर्न बाजारात मिळाले. झाकणासाठी मी उमाशंकरकडे गेलो. हायवेच्या कडेला, ट्रकांच्या गॅरेजांच्या रांगेत त्याचे जुन्या सुट्या भागांचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक ढीग आणि ढिगाच्या माथ्यावर तो. ''ह्या गाडीचं झाकण? सर, कंपनीनं गाडी बंद करून जमाना झाला,'' असे म्हणत त्याने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि एक गंजके झाकण उपसले. ''घ्या. असली हाय. डुप्लिकेट न्हाय.'' मी हातोडी मागितली. ''पोचा पाडायचा आहे.'' ''काढायचा म्हनता?'' ''पाडायचा.'' तो ढिगावरून खाली उतरला. ''अल्ला-मल्लय्या! लोक हयातभर माझ्याकडं पोचे काढायला येतात. तुमी पहिले गिऱ्हाईक.'' शिंगाचा म्हटल्यावर मात्र तो गंभीर झाला. ''मंग हातोडी नको सर. हातोडीचा पोचा बशीवानी पडतो. शिंग आत जाताना वळतं. गोल तोंडाची सळई ठेवा, तिरपी. आन एकदम न्हाय मारायचं. बैलाला घाई नसती.'' माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही पुराव्याचा इतका सूक्ष्म विचार केलेला मला आठवत नाही. मी तीन घाव घातले. मग चार दिवस घरी, पुस्तकांच्या खोलीत, मीठ आणि लिंबाच्या पाण्याने त्या खळग्यात गंज आणला, कारण नवा पोचा चमकतो. गंजावर जळके ऑइल चोळले, ऑइलवर धूळ. कडा कानशीने मोडल्या, कारण पन्नास वर्षांचे अंगठे कडा ठेवत नाहीत. बनावट लेख कुठे फसतो हे जन्मभर शोधत आलो होतो, त्यामुळे कुठे फसू नये हे मला तंतोतंत माहीत होते. चौथ्या दिवशी मी त्यात अंगठा ठेवला. बरोबर बसला. मी उठून हात साबणाने दोनदा धुतला.

पौषातल्या ठरल्या दिवशी सकाळी निघालो. येणेगूर, जळकोट, दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली, ट्रकांचा वारा अंगावर घेत जाणारा सरळ रस्ता. नळदुर्गाच्या किल्ल्याजवळ उतार लागतो, तिथे आप्पा इंजिन बंद करून गाडी सोडत. पेट्रोल वाचवायला असे ते सांगत, पण खरे म्हणजे त्या उतारावर त्यांना गाणे म्हणायचे असे आणि इंजिनाला त्यांचा सूर लागत नसे. कन्नड पदे असत. माझा कान त्यांच्या पाठीला चिकटलेला असे, म्हणून ते गाणे मला बाहेरून कधी ऐकूच आले नाही, छातीच्या आतून आले. मी इंजिन बंद केले. वाऱ्याखेरीज काही नव्हते. उताराच्या पायथ्याशी मी पुन्हा किक मारली, आणि डाव्या गुडघ्याखाली, चार बोटांवर, ते झाकण आपले काम चोख करीत होते.

''बर्री, या भाऊजी,'' नीलम्मा वहिनी दारातूनच म्हणाल्या. ''देवासंगच आलात की. देव तरी कारभारणीला भेटाया येतो, तुमी कागदाला.'' अण्णा पायरीवर वही घेऊन बसले होते. गेल्या वर्षीपेक्षा लहान झालेले दिसले. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. नमस्कार झाला, पाणी आले, आणि वाचन सुरू झाले. ''एक. हेडलाइट.'' ''आहे.'' हात, खूण. ''दोन. टाकी.'' ''आहे.'' डावा आरसा आला तेव्हा त्यांनी तो थोडा फिरवून पाहिला, मग खूण केली. हॉर्न दाबला तेव्हा त्यातून कोंबड्यासारखा कर्कश आवाज निघाला आणि वहिनी आतून ओरडल्या, ''अगं बया, कोण दाबलं गेलं?'' अण्णांच्या मिशीचा कोपरा हलला. मग पुन्हा सरळ झाला. ''एकवीस. टूलबॉक्सचं झाकण, डावं.''

''आहे,'' मी म्हणालो.

त्यांनी वाकून अंगठा खळग्यात ठेवला. इतर वस्तूंना ते नुसता हात लावीत. इथे अंगठा राहिला. मी कितीतरी परिषदांमध्ये या क्षणाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलो आहे. समोरच्याचा लेख हातात घेऊन, काहीही न बोलता, त्याला त्याच्या अक्षरांसह उकडू देत. आता मला कळले की बोलावेसे वाटते. समोरच्याने विचारायच्या आत आपणच ओरडून सांगावेसे वाटते. ''नाही,'' मी म्हणालो. ''ते नकली आहे, अण्णा. खरे चोरीला गेले. आरसाही, हॉर्नही. पोलिसांत अर्जही दिला. हा पोचा मी पाडला. गंज मी आणला.'' माझा आवाज व्याख्यानाला शोभेल इतका स्थिर होता.

अण्णांनी चष्मा काढला. ''किती दिस लागले?''

''चार.''

''आप्पाला एक सांज लागली व्हती.''

मला काहीच कळले नाही. ''भूकंपाच्या साली,'' ते म्हणाले. ''आप्पा रोज जात व्हते तिकडं, सास्तूरच्या अंगाला. ढिगाऱ्याखालची जनावरं. एक दिस गाडी लावून आत गेले, आले तर झाकण न्हाय. कुणीतरी नेलं. पत्र्याचा तुकडाबी लागत व्हता लोकांना तवा. मी म्हनलं, तक्रार देऊ. आप्पा म्हनले, नेऊ दे. मंग दिवाळी आली. तू येनार व्हतास पुन्याहून. आप्पानं सोलापूरहून दुसरं झाकण आणलं, अन् सांजच्याला हितंच, ह्या पायरीवर...'' त्यांनी उजव्या हाताची मूठ वर नेऊन खाली आणली. ''म्हनले, पोरगं आल्याबरूबर बोट घालतंय तिथं. न्हाय सापडलं तर इचारंल. मी धरलं, आप्पानं मारलं. दुसरा घाव हितं बसला.'' त्यांनी डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. त्याचे नख मधोमध चिरलेले होते आणि दोन वेगळ्या बाजूंना वाढले होते. तीस वर्षे मी तो अंगठा पाहत आलो होतो. तीस वर्षे त्या नखाकडे पाहून मला एकही प्रश्न पडला नव्हता. त्या दिवाळीला मी वाकलो होतो, अंगठा ठेवला होता, समाधानाने उठलो होतो. आप्पा पायरीवरून पाहत होते. त्याच वर्षी मी लिपिशास्त्राचा प्रबंध सादर केला होता.

''म्हणजे मी जन्मभर खोट्यातच बोट घालत होतो,'' मी म्हणालो.

''बोट बसत व्हतं ना?''

''निदान इंजिनाचा आवाज तरी?''

''सायलेन्सर तिसरा हाय,'' अण्णा म्हणाले आणि आता खरोखरच हसले. खालचे दोन दात गेलेले होते, ते मला ठाऊक नव्हते. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. ''सासरा चोर, थोरला चोर, धाकटा बी चोर,'' त्या म्हणाल्या. ''अन् भाऊजी, तुमी पोलिसात कशापाई गेलता? आपल्याच घराची तक्रार द्याया?''

मी वहीकडे पाहिले. आप्पांचे अक्षर सत्तावीस ओळी सरळ उतरत गेले होते, आणि समासात माझे ते उदार वाक्य जसेच्या तसे होते, निळ्या शाईत. ''नियमाप्रमाणे माझी पाळी संपली,'' मी म्हणालो. ''लिहा, अण्णा. तुमचा तो अधिकार आहे.''

''मला तसलं लिवता येत न्हाय,'' ते म्हणाले. ''तू लिवलंस तसलं. माफ केल्यावानी. मी दोनदा वाचलं ते. मंग दुकानात गेलो, रबर घेतलं बी. अन् पुन्हा वाटलं, वहीत न्हाय म्हनून लिवलंय, आता बसवलं तर शिवाचं लिवलेलं खोटं पडंल. कपाटात हाय तसंच, पुडीत.'' ते रागाने बोलले असते तर मी तयार होतो. त्यांनी ते पावसापाण्याबद्दल सांगावे तसे सांगितले. तीन वर्षे माझा बूट त्या लोखंडावर घसरत होता तो हट्ट नव्हता. माझ्या शब्दाचा मान होता. माझ्या कुठल्याही प्रबंधाला इतक्या निष्ठेने कोणी वागवलेले नाही. या वेळी माझ्यात काही गोठले नाही.

''पुन्हा वाचा,'' मी म्हणालो. ''एकवीसपासून.''

अण्णांनी चष्मा लावला, दोरा कानामागे नीट केला. ''एकवीस. टूलबॉक्सचं झाकण, डावं.''

''हाय.''

त्यांनी अंगठा ठेवला, खूण केली. ''बावीस.'' ते थांबले. ही ओळ आली की गेली तीन वर्षे आमच्यापैकी जो देणारा असे तो 'पूर्वीच्या नोंदीप्रमाणे' म्हणत असे, आणि वाचणारा पुढे सरकत असे. ''उजव्या पायरीचं रबर.''

उन्हात गाडीच्या पायरीचे उघडे लोखंड माझ्याच बुटांनी घासून चकचकीत झालेले दिसत होते.

''हाय,'' मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे पाहिले नाही. हात लावल्याशिवाय खूण करायची नाही, ही रीत आहे. म्हणून ते गुडघ्यावर हात टेकून सावकाश वाकले, त्या लोखंडाला पूर्ण तळवा लावला, आणि उठून वहीत खूण केली. ही वही उद्या एखाद्या तरुण अभ्यासकाच्या हाती पडेल, माझ्याच एखाद्या विद्यार्थ्याच्या, ज्याला मी संशय घ्यायला शिकवले आहे. तो समासातली नोंद आणि ही खूण शेजारी ठेवील, तारखा जुळवील, आणि या नोंदी खोट्या आहेत, करणाऱ्यांना त्या खोट्या असल्याचे ठाऊक होते, हे निर्विवाद सिद्ध करील. पुरावा सगळा त्याच्या बाजूने असेल. तो हुशार असेल तर एवढ्यावर थांबणारही नाही, त्या का केल्या हेही विचारील.

''तेवीस,'' अण्णा म्हणाले. ''किक.''